ड्रायव्हरची पारख

40 हजार रुपये ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. त्यातले 25 हजार भाभीला लागलेल्या भिशीचे आणि 15 हजार भाच्याने कॅडीचं काम करून साठवलेले. एवढ्या पैशांत गोल्फचा एक ड्रायव्हर घ्यायचा, असं भाच्याचं म्हणणं. भाभीचं म्हणणं, एवढ्यात वॉशिंग मशीन येतं आणि वर पैसेही उरतात. भाई दोघांच्या मध्ये. शेवटी ते मला म्हणाले, "तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस ना? मग तूच बघून सांग, त्या काठीत खरंच एवढं काही असतं का."

तीन सकाळी मी ते बघितलं. जे दिसलं ते इथे लिहिते आहे. गोल्फशी ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही वाचता यावं असा प्रयत्न आहे, कारण आपल्या वस्त्यांमधली बरीच मुलं या खेळाच्या कडेकडेने पोट भरतात. कुणी बॅग उचलतं, कुणी गवत कापतं, कुणी चेंडू गोळा करतं. त्यातली काही खेळतातही, आणि फार चांगलं खेळतात.

आमचे भाई पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर 27 वर्षं गवत सांभाळत आले. भाचा सोळाव्या वर्षापासून कॅडी आहे. सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असतं, त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. आठवड्यातला तेवढा एक दिवस मिळून तो जे शिकला ते शिकला. त्याला कुणी कोच नाही. या वर्षी त्याला व्यावसायिक खेळाडूंच्या पात्रता स्पर्धेत उतरायचं आहे. वेड्यासारखं वाटलं तरी हे अगदीच अशक्य नाही. 1991 साली अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि त्यांची सुरुवात कॅडी म्हणूनच झाली होती. 1993 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. आमच्या घरात हे नाव भाईंनी इतक्यांदा घेतलंय की भाभीलासुद्धा साल पाठ आहे.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगते. खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. त्यातला सगळ्यात लांब क्लब ड्रायव्हर. लांब होलवर पहिला फटका मारताना चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर ठेवतात आणि तो याने टोलवतात. चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, क्लबचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं. हे डोकं पूर्वी पर्सिमन नावाच्या लाकडाचं असे. 1979 मध्ये टेलरमेडने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आणला, 1991 मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला आणि तिथून पुढे डोकी फुगत गेली. आज ती टायटॅनियम आणि कार्बनची असतात, आतून पोकळ, आणि आकार 460 घन सेंटिमीटरपर्यंत. 2004 पासून नियमाने त्याहून मोठं डोकं चालत नाही.

दुकानात गेलात की विकणारा तीन शब्द बोलतो: डिस्टन्स, फॉरगिव्हनेस आणि फील. चेंडू किती लांब जातो, चुकलेला फटका किती माफ होतो, आणि हाताला कसं वाटतं. तिन्ही शब्द एका दमात येतात, त्यामुळे तिन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या आहेत असं वाटतं. तसं नाही. प्रत्येकीची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

आधी अंतर. दर वर्षी नवा ड्रायव्हर येतो आणि जाहिरात सांगते की हा आणखी लांब मारतो. पण खेळाचे नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए. त्यांनी फेसच्या उसळीवर मर्यादा घातलेली आहे. ती मर्यादा आकड्यात 0.83 अशी सांगतात. चेंडू आणि क्लब एकमेकांकडे 100 च्या वेगाने आले, तर टकरीनंतर ते एकमेकांपासून 83 पेक्षा जास्त वेगाने दूर जाऊ नयेत, असा त्याचा अर्थ. अकरावीचं गणित इथे पुरतं. 200 ग्रॅमचं डोकं, 46 ग्रॅमचा चेंडू आणि 0.83 ही उसळ धरली, तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या सुमारे 1.49 पट येतो. भाच्याच्या क्लबचा वेग ताशी 108 मैलांच्या आसपास आहे. म्हणजे चेंडूचा वेग जास्तीत जास्त 160 मैल. क्लब 15 हजारांचा असो की 60 हजारांचा, फेसच्या मध्यावर बसलेला चेंडू याच्या पुढे फारसा जात नाही. चांगल्या कंपन्या त्या मर्यादेपर्यंत केव्हाच पोहोचल्या आहेत.

मग अंतरात फरक पडतो कशाने? चेंडू किती कोनात वर जातो आणि उडताना किती गिरक्या घेतो, याने. उलट्या गिरक्या जास्त झाल्या तर चेंडू वर चढतो आणि पुढे जाण्याऐवजी खाली येतो. फार कमी झाल्या तर हवेत टिकतच नाही. हा मेळ क्लबच्या फेसचा कोन, शाफ्टची लवचीकता आणि मारणाऱ्याची धाटणी या तिघांवर असतो. भाच्याला 9 अंशांचा ड्रायव्हर हवा होता. पोरांमध्ये अशी समजूत आहे की कोन जितका कमी आणि शाफ्ट जितका कडक, तितका मारणारा मर्द. यंत्राने सांगितलं की त्याला 10.5 चांगला. तो दोन दिवस गप्प होता.

परीक्षेची रीत मी कॉलेजच्या प्रयोगशाळेसारखीच ठेवली. शहराबाहेरच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर तासाच्या भाड्याने लाँच मॉनिटर मिळतो. हे चेंडूचा वेग, कोन आणि अंतर मोजणारं छोटं यंत्र. फजरनंतर लगेच निघायचं, म्हणजे वारा पडलेला असतो. दोन ड्रायव्हर निवडले, दोन्ही 10.5 अंशांचे, शाफ्ट सारखे. पहिला टूरवरचे खेळाडू वापरतात त्या जातीचा, गिरक्या कमी ठेवणारा. त्याचं डोकं दिसायला आटोपशीर होतं. दुसरा मागे पसरलेल्या डोक्याचा, ज्याला पोरं "अंकललोकांचा" म्हणतात. रोज प्रत्येक क्लबने 10 चेंडू, पण पाच याचे मग पाच त्याचे, म्हणजे थकव्याचा भार एकावर पडत नाही. चेंडू रेंजचेच होते. ते खेळातल्या चांगल्या चेंडूंपेक्षा कमी जातात, पण दोन्ही क्लबना तेच होते. मला फरक मोजायचा होता, विक्रम नव्हे.

माझी एक अट होती. एकही फटका वहीतून खोडायचा नाही. "फुफी, हा धरू नका, पाय घसरला," असं त्याने चार-पाचदा म्हणून पाहिलं. मी त्याला म्हटलं, स्पर्धेत पाय घसरला तर तिथला पंच तो फटका खोडणार आहे का?

तीन दिवसांनंतर वहीत 60 फटके होते. पहिल्या ड्रायव्हरचा सगळ्यात लांब फटका हवेतून 279 यार्ड गेला. दुसऱ्याचा 268. भाचा जिंकल्यासारखा हसला. मग मी सरासरी काढली. पहिल्याची 251, दुसऱ्याची 255. सगळ्यात आखूड फटका पहिल्याचा 214, दुसऱ्याचा 236. रेंजवर आम्ही दोन झेंडे लावून 35 यार्डांची पट्टी धरली होती, साधारण फेअरवेएवढी. तिच्यात पहिल्याचे 30 पैकी 14 चेंडू पडले आणि दुसऱ्याचे 19.

दुकानात माणूस क्लब आवडीने उचलतो तो सगळ्यात लांब फटक्याच्या आठवणीवर. तो एक फटका डोक्यात राहतो, बाकीचे 29 विसरले जातात. पण स्पर्धेत त्या 29 फटक्यांवरच खेळायचं असतं. म्हणून माझं पहिलं अनुमान असं: ड्रायव्हरचं अंतर बघायचं असेल तर त्याचे वाईट फटके किती लांब जातात ते बघा.

यातूनच आपण दुसऱ्या शब्दावर येतो, फॉरगिव्हनेस. मराठीत सरळ माफी म्हणू. चेंडू फेसच्या मध्यावर न लागता कडेला लागला की क्लबचं डोकं हातात फिरतं. फिरलं की वेग वाया जातो आणि चेंडू वाकडा निघतो. डोकं कमी फिरावं म्हणून त्याचं वजन मध्यापासून दूर, कडांना आणि मागे नेतात. कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही, कारण दोन्ही घागरी लांब टोकांना असतात. तेच हे तत्त्व. त्याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. नियमात त्याचीही मर्यादा आहे, उभ्या अक्षाभोवती 5900 ग्रॅम वर्ग सेंटिमीटर. 2024 मध्ये काही कंपन्यांनी "10के" असं लिहून ड्रायव्हर विकले. तो 10 हजारांचा आकडा दोन वेगवेगळ्या अक्षांची बेरीज करून आलेला आहे. एका अक्षाची मर्यादा मोडलेली नाही. जाहिरात वाचताना बेरीज कशाची आहे, हे बघायला हवं.

फेसही अगदी सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. चेंडू बाहेरच्या कडेला लागला तर डोकं एका बाजूला फिरतं आणि दात्यांच्या दोन चाकांसारखी चेंडूला उलट दिशेची गिरकी मिळते. फुगीरपणामुळे तो सुरुवातीला बाहेर निघतो आणि त्या गिरकीने परत आत वळतो. लाकडी डोक्यांच्या काळापासून कारागिरांना हे ठाऊक होतं. माफी ही काही आजच्या कंपन्यांची कल्पना नाही.

चेंडू फेसवर नेमका कुठे लागतो हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. माझ्या पर्समध्ये पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर असतोच. फेस त्याने रंगवायचा. चेंडू जिथे लागतो तिथला रंग निघून जातो. फोटो काढायचा, रुमालाने पुसायचं, पुन्हा रंगवायचं. 60 फोटोंवरून दिसलं की भाचा दोन्ही क्लबने जवळजवळ सारखाच चुकतो. बहुतेक चेंडू हाताकडच्या बाजूला, किंचित खाली. म्हणजे दुसऱ्या क्लबने त्याच्या चुका कमी केल्या नव्हत्या. त्याच चुकांची किंमत कमी केली होती.

ही किंमत काय असते, हे ज्याने स्पर्धा खेळली त्याला माहीत आहे. चेंडू हद्दीबाहेर गेला की एक दंडाचा फटका आणि पुन्हा मागे येऊन तिथूनच मारायचं. सभासद साहेबांचं असं झालं तर ते हसतात, दुसरा चेंडू काढतात, संध्याकाळी चहावर तो किस्सा सांगतात. भाच्याचं झालं तर पात्रतेची ओळ त्या एका होलवर हातची जाते. प्रवेश फी गेली, गाडीभाडं गेलं, चार दिवसांची कॅडीची कमाई गेली. मग पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं, आणि पुढच्या वर्षी घरात दुसरीच काही निकड असणार. आपल्या मुलांना अनेक ठिकाणी एकच संधी मिळते. ती गेली की "आम्ही सांगितलं होतं" म्हणणारे पुष्कळ असतात. अशा मुलाच्या हातात निदान क्लब तरी माफ करणारा असावा, असं मला मनापासून वाटलं.

त्याला मात्र वाटत नव्हतं. तिसरा शब्द इथेच आला. दुसऱ्या ड्रायव्हरचा आवाज त्याला सोसवत नव्हता. तेलाच्या रिकाम्या डब्यावर लाटणं मारावं तसा तो वाजतो. आणि तो पुन्हापुन्हा एकच सांगत होता, "फुफी, इसमें मारे सो समझताच नै." मारलेलं कळतच नाही.

फीलबद्दल माझ्यासारख्या शिक्षिकेला संशय वाटतो. चेंडू फेसला चिकटून असतो तो एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच वेळ. त्याचा आवाज कानापर्यंत यायला याच्या दहापट वेळ लागतो. हाताचा संदेश मेंदूत पोहोचायला त्याहूनही जास्त. म्हणजे "वाह, काय बसला" असं वाटतं तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. फीलने तो फटका सुधारत नाही. शिवाय ज्याला आपण हाताचं वाटणं समजतो त्यातलं बरंचसं कानाचं असतं. कंपन्या पोकळ डोक्याच्या आत मुद्दाम बरगड्या घालतात, त्या आवाज जमवण्यासाठीच.

म्हणून तिसऱ्या सकाळी आणखी एक छोटी परीक्षा घेतली. भाच्याने मारायचं आणि फेसकडे न बघता सांगायचं, चेंडू कुठे लागला: मध्ये, बाहेर, आत, वर की खाली. मी मार्करच्या खुणेशी ताडून बघायचं. पहिल्या ड्रायव्हरने त्याने 10 पैकी 8 वेळा बरोबर सांगितलं. दुसऱ्याने 5 वेळा. मग कानात कापूस घालून वर मफलर बांधला. पहिल्याचे 5 झाले, दुसऱ्याचे 3.

भाईंच्या घरी माळ्यावर एक जुना पोलादी ड्रायव्हर होता, बिग बर्थाच्या काळातला, मुठीएवढ्या डोक्याचा. शहर सोडून जाताना एका साहेबांनी दिलेला. तोही त्या दिवशी सोबत नेला होता. त्याने 10 पैकी 9 बरोबर आले, आणि कानात कापूस घालूनही 7. मधोमध लागला तर लोण्यात सुरी जावी तसं. जरा कडेला लागला की मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या. रेंजवरच्या दोन पोरांनी मारून बघितला आणि हात झटकत परत दिला.

10 चेंडूंवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी वर्गात रोज सांगते. तरी भाचा जे म्हणत होता त्याला अर्थ होता, एवढं या आकड्यांनी मला पटवलं. त्याच्यासाठी फील म्हणजे खबर होती, कुठे लागलं याची. ज्याला कोच आहे, ज्याचा व्हिडिओ काढणारं कुणी आहे, त्याला ती खबर दुसरीकडूनही मिळते. भाच्याला तो क्लब सोडून सांगणारं कुणी नव्हतं. सहा वर्षं त्याला क्लबनेच शिकवलं.

आणि इथे तिन्ही शब्दांची खरी गाठ आहे. दुकानातला माणूस ते एका दमात बोलतो, जणू चांगल्या क्लबमध्ये तिन्ही भरपूर असतात. पण माफी आणि फील एकमेकांच्या वाटणीचं खातात. डोकं जितकं कमी फिरेल तितका कडेचा फटका मधल्यासारखाच वाटेल. चूक ज्याने झाकली, त्यानेच ती सांगायची कशी? शिकणाऱ्याला सांगणारा क्लब हवा, आणि ज्याला उद्या कार्ड भरून द्यायचं आहे त्याला झाकणारा. भाचा एकाच वेळी दोन्ही आहे.

मी हेच त्याला वहीतले आकडे दाखवून सांगितलं. तो बराच वेळ वही बघत बसला. मग त्याच्या पोटातलं ओठावर आलं. "बाकीची पोरं हसतील. म्हणतील, अंकलचा क्लब घेऊन आला." भाई तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "बेटा, 27 वर्षं मी पहिल्या टीवर गवत कापलं. तिथे लोक काय बोलतात ते सगळं ऐकलंय. कार्डावर क्लबचं नाव लिहीत नाहीत, आकडा लिहितात."

दुसऱ्या जातीचा, मागच्या वर्षीचा, वापरलेला ड्रायव्हर 27 हजारांत मिळाला. घेण्याआधी फेसवर बारीक तडे आहेत का ते उन्हात धरून पाहिलं, डोकं कानाशी हलवून आत काही खुळखुळतं का ते ऐकलं. उरलेल्या 13 हजारांत प्रवेश फी आणि गाडीभाड्याला हातभार लागेल. भाभीचं मशीन पुढच्या भिशीवर गेलं, आणि ती ते अधूनमधून ऐकवते. मला वाटतं तिचा तो हक्क आहे.

माळ्यावरचा जुना ड्रायव्हर आता खाली आला आहे. सोमवारी सकाळी भाचा आधी त्याने 10 चेंडू मारतो, अर्ध्या जोराने. हात काय सांगतो ते ऐकतो. मग नवा काढतो. नव्याच्या आवाजाची सवय झाली का, असं मी मागच्या आठवड्यात विचारलं. म्हणाला, "सवय नाही झाली, पण आता चेंडूकडे बघतो."

हे वाचणाऱ्यांमध्ये कुणी कॅडी असेल, किंवा कुणाच्या घरात असा मुलगा असेल, तर एवढंच सांगते. दुकानात पाच चेंडू मारून पैसे देऊ नका. निदान 30 मारा, तेही एका दिवशी नको. एकही खोडू नका. लांब गेलेला विसरा, आखूड पडलेले मोजा. फळ्याचा मार्कर 30 रुपयांना मिळतो आणि कापूस घरात असतोच. गेल्या रविवारी भाच्याच्या दोन मित्रांनी माझ्याकडून तो मार्कर मागून नेला. अजून परत आलेला नाही.